तीन नंबरची टाकी

कोपऱ्यावरच्या भाड्याच्या मोटरसायकलवाल्यांतला एक जण पुढे झाला आणि स्वतःच्या शर्टाच्या बाहीने त्याने मागची सीट पुसली. एवढंच झालं. एरवी गिऱ्हाईक दिसलं की ही मंडळी एकमेकांच्या अंगावर गाड्या घालायची, "दाजी इकडे या, दाजी त्याच्या गाडीला ब्रेक नाहीत" असा कालवा करायची. आज सगळे उठून उभे राहिले होते. कोणी बोलत नव्हतं. एकाने तर हेल्मेट काढून छातीशी धरलं होतं. मुगारुराने पाय टाकला, त्या पुसलेल्या, उन्हात चकाकणाऱ्या रेक्झिनवर तो बसला. उतरावं, चालत जावं, असं त्याला वाटलं. पण उतरायलाही कारण लागतं, आणि त्याच्याकडे जे कारण होतं ते म्बारारा शहरातल्या एकाही माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. गाडी निघाली. नदीवरचा पूल गेला, केळीच्या घडांनी लादलेल्या सायकली मागे पडल्या. चालवणारा आज खड्डे चुकवत होता, जणू मागे बाळंतीण बसली आहे. दूध कारखान्याच्या फाटकाशी त्याने गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि खाली बघत विचारलं, "दाजी, एक विचारू? त्याच्यात हाडसुद्धा राहत नाही ना?"

मुगारुरा म्हणाला, "नाही राहत."

तो तरुण समाधानाने हसला. शाळेत एखादं उत्तर बरोबर आल्यावर हसतात तसं. मुगारुरा फाटकातून आत गेला, आणि ते दोन शब्द आपल्याच तोंडातून किती सहज निघाले याचं त्याला नवल वाटत राहिलं. खोटं बोलताना माणूस अडखळतो, घाम फुटतो, असं तो आजवर समजत होता. इथे उलट जिभेवर लोणी लावल्यासारखं झालं होतं. आणि त्या पोराने मान डोलावली तेव्हा, क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणंच आता त्याला सलत होतं.

त्याचं काम धुण्याचं होतं. दूध साठवायच्या टाक्या, त्यांना जोडणारे पाइप, दूध तापवायची यंत्रं, हे सगळं जागच्या जागी, एकही नट न सोडता, आतल्या आत धुवायचं. वरच्या मजल्यावर काचेची खोली होती, तिथे पडद्यावर टाक्यांची चित्रं होती. टाकी निवडायची, हिरव्या खुणेवर बोट ठेवायचं, की खाली पंप गुरगुरू लागे. आधी थंड पाणी, मग उकळीला टेकलेला कॉस्टिक सोडा, मग पुन्हा पाणी, मग ॲसिड, मग पुन्हा पाणी. टाकीच्या छताला आतून भोकाभोकांचा पोलादी गोळा टांगलेला, त्यातून चारही अंगांनी फवारा सुटे. बाहेरच्याला काही दिसत नसे. टाक्यांना दुहेरी भिंती, मध्ये कापूस भरल्यासारखं आवरण, त्यामुळे आत कितीही तापलं तरी बाहेरून हात लावला तर गारच. मुगारुराला हे काम आवडायचं. लहानपणी आई दुधाची लाकडी भांडी गवताच्या धुराने शुद्ध करायची तेव्हा तो दाराशी उभा राहून बघायचा. पुरुषाने त्या भांड्याला हात लावायचा नाही असा दंडक होता, म्हणून तो हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. तो वास, थोडा गोडसर, थोडा जळका, अजूनही त्याला दुधाहून दुधासारखा वाटे. अरिंदा, त्याचा मेहुणा, यावरून त्याची यथेच्छ थट्टा करायचा. "आमचे दाजी बायकांचं काम करतात," तो भर चौकात ओरडायचा, "फक्त ते बटण दाबून करतात म्हणून त्यांना पगार मिळतो!" सगळे मोटरसायकलवाले खिदळायचे. अरिंदा त्याला दाजी म्हणायचा म्हणून तेही दाजी म्हणू लागले होते.

अरिंदाला लोखंडी कांबीने मारलं. काकोबा वस्तीच्या पलीकडे केळीच्या बागेत तो सापडला, गाडी गेलेली, अंगातलं पिवळं जॅकेट गेलेलं, आणि डोक्याची मागची बाजू गेलेली. मुगारुरा आपल्या बायकोबरोबर, कतुशाबेबरोबर, तिथे गेला तेव्हा लोकांनी त्याच्यावर केळीची पानं घातली होती. कतुशाबेने पानं बाजूला केली. ती रडली नाही. तिने ते डोकं मांडीवर घेतलं आणि बोटांनी त्याच्या केसांतली माती, पानाचे तुकडे आणि आणखी जे काही होतं ते वेचून काढू लागली, जसं लहान भावाच्या डोक्यातल्या उवा काढाव्यात. मुगारुराला तेव्हा उलटी झाली. तो बाजूला जाऊन केळीच्या बुंध्याला धरून ओकला, आणि ओकताना त्याच्या मनात आलं की हे ज्याने केलं त्याचं असंच व्हावं, याहून वाईट व्हावं, हळूहळू व्हावं. हा विचार त्याने मुद्दाम आणला नव्हता. तो आला आणि राहिला. दफनानंतर पुरुष मंडळी आगीभोवती बसली होती तेव्हा कतुशाबे सगळ्यांच्या देखत त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "डोरीनचे बाबा, माझ्या बापाला दुसरा मुलगा नाही. आता तुम्हीच." एवढंच बोलली. पण आगीभोवतीच्या प्रत्येकाने ते ऐकलं. चौकातल्या मोटरसायकलवाल्यांचा प्रमुख बाझारा, अरिंदाचा जिवाभावाचा दोस्त, त्याने तर मुगारुराच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. मुगारुराने मान हलवली. काय कबूल केलं हे त्याचं त्यालाही नीट कळलं नव्हतं.

त्यानंतर घर गप्प झालं. कतुशाबे जेवायची नाही. रात्री अंथरुणात ती उताणी पडून राही आणि तिच्या दातांचा करकर आवाज त्याला ऐकू येई. त्याने हात लावला की ती अंग चोरायची नाही, पण अंग लाकडासारखं असे. एकदा ती अंधारात म्हणाली, "तुम्ही कामावर जाता, येता, भात खाता." यात तक्रार नव्हती. नुसतं जे दिसत होतं ते तिने सांगितलं, आणि मुगारुराला वाटलं की आपण खरोखरच दुसरं काही करत नाही.

आणि मग गुरुवार. तीन नंबरची टाकी नुकतीच रिकामी झाली होती, चारही रिकामी होती, दोन्ही धुवायच्या होत्या. मुगारुराने पडद्यावर रांग लावून ठेवली होती. फाटकाकडून गलका आला तेव्हा त्याला आधी वाटलं की एखादा दुधाचा ट्रक उलटला. काचेतून त्याने खाली पाहिलं. एक माणूस अनवाणी धावत येत होता, अंगात पिवळं जॅकेट. सेबुन्या. दुधाच्या टँकरला नळी जोडायला रोजावर येणारा, मसाका गावाकडचा. गेल्या वर्षभरात मुगारुरा त्याच्याशी चार शब्दही बोलला नसेल. त्याच्या मागे लोंढा होता. विटा, दांडकी, एकाच्या हातात गाडीची चेन. म्हातारा ओगवाल, फाटकावरचा पहारेकरी, दोन्ही हात पसरून उभा राहिला होता तो कधी बाजूला फेकला गेला ते दिसलंही नाही. सेबुन्याने इकडे तिकडे पाहिलं. वर पाहिलं. मुगारुराची आणि त्याची नजर काचेतून भिडली. मग तो तीन नंबरच्या टाकीच्या बुडाशी असलेल्या झडपेत, जिथून माणूस जेमतेम सरपटत जाऊ शकतो, डोकं घालून आत शिरला आणि ती आतल्या बाजूला उघडणारी झडप त्याने आतून रेटून लावली.

कोणीतरी फटीत हात घातला. आतून झडप आपटली, आणि त्या माणसाची बोटं चिरडल्याची किंकाळी वरपर्यंत आली. मग विटा टाकीवर आदळू लागल्या. घण घण घण असा आवाज सगळ्या शेडमध्ये भरला. "जॅकेट अरिंदाचं आहे!" कोणी ओरडत होतं. "पाठीवर नंबर आहे त्याचा! आम्ही बाजारात ओळखलं!" तेवढ्यात बाझाराने हात वर केला. तो मोटरसायकल घेण्याआधी दोन वर्षं इथेच, याच शेडमध्ये फरशी धूत होता. त्याने शांतपणे झडपेवरचा दांडा आडवा घातला आणि बाहेरून नट आवळला. अगदी व्यवस्थित, पूर्वी आवळायचा तसा. मग त्याने मान वर केली.

"दाजी!" तो म्हणाला. ओरडला नाही. "धुवा."

पहिल्यांदा कोणाला कळलं नाही. मग ज्यांना कळलं त्यांनी बाकीच्यांना सांगितलं, आणि गलका हळूहळू थांबला. शंभरेक तोंडं वर झाली. मुगारुरा काचेमागे उभा होता. नंतर त्याने किती वेळा हा क्षण उलगडून पाहायचा प्रयत्न केला, पण तो घडी पडलेल्या ओल्या कागदासारखा फाटत जाई. त्याला आठवत होतं ते असं. आतून ठोकल्याचा आवाज येत होता. सेबुन्या उघड्या हाताने ठोकत होता, आणि तो आवाज मऊ होता. त्याला केळीची पानं आठवली. कतुशाबेची बोटं आठवली, केसांतून काहीतरी वेचणारी. त्याच्या दंडातून एक गरम लाट खाली आली, आणि ती रागाची होती, खऱ्या, निखळ रागाची, आणि त्याला जाणवलं की आपण हे करू शकतो. कोणी अडवत नाही, कोणी विचारणार नाही, उलट सगळे वाट बघताहेत. पोटात भीती नव्हती. पडद्यावर दोन टाक्या शेजारी शेजारी होत्या. त्याचं बोट उचललं गेलं, आणि टेकलं तेव्हा ते चारवर टेकलं होतं.

हे त्याने जाणून केलं का? आज, या घडीला, शपथ घालून विचारलं तरी त्याला सांगता आलं नसतं. रांगेत चार आधी होतं. त्याने सकाळीच तशी रांग लावली होती. कदाचित बोटाला सवयीने चारच माहीत होतं. जिने चढून बाझारा धापा टाकत आत आला आणि पडद्याकडे बघत म्हणाला, "तीन ना?", तेव्हा मुगारुराला पहिल्यांदा कळलं की आपण काय दाबलं आहे. बाझारा खाली फरशी धुवायचा, या खोलीत त्याला कधी कोणी येऊ दिलं नव्हतं. त्याला त्या चित्रांतलं काही कळत नव्हतं.

"तीनच," मुगारुरा म्हणाला.

पंप गुरगुरले. पाइप थरथरले. गर्दीतून एक हुंकार उठला. "पाणी नको," बाझारा त्याच्या कानाशी म्हणाला, "सोडा सोडा, दाजी. सरळ सोडा." मुगारुराने सोडा सोडला. खाली कोणी जाड पाइपला हात लावून चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि "गरम! गरम!" म्हणून नाचला. तो पाइप सगळ्या टाक्यांचा एकच होता. मुगारुराच्या छातीत काहीतरी सैल झालं. होईल, निभेल, असं वाटलं. आणि तेव्हाच तीन नंबरच्या आतून ओरडणं सुरू झालं.

तीनचा वरचा व्हॉल्व्ह पक्का बसत नव्हता. धार नव्हे, थेंब थेंब झिरपायचा. महिनाभर तो दुरुस्तीसाठी पडून होता आणि सगळ्या कारखान्यात हे मुगारुराइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. सेबुन्याने थेंब पडला म्हणून वर पाहिलं असणार. आधी एक मोठी आरोळी आली, मग शब्द आले, आईला मारलेल्या हाका, मग शब्द संपले. टाकी नगाऱ्यासारखी, आतला आवाज दसपट होऊन बाहेर येत होता. तळ उतरता, गुळगुळीत, झिरपलेला सोडा तिथे साचत असणार आणि तो अनवाणी त्यात घसरत असणार. मुगारुराला सगळं दिसत होतं. थांबवावं तर बाझारा शेजारी उभा. थांबवलं तर का थांबवलं हे विचारतील, मग झडप उघडतील, आणि विटा आहेत, चेन आहे. बाझाराचे डोळे मिटले होते, ओठ हलत होते. तो प्रार्थना करत होता. गर्दीत कोणी हसत होतं, आणि एक बाई, कुणाची कोण जाणे, कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून बसली होती. मुगारुरा पडद्याकडे बघत होता. तीनच्या चित्राखाली निचऱ्याची खूण होती. ती दाबली की तळ उघडतो आणि साचलेलं वाहून जातं. रोज बघत होता तो ती खूण. तिच्यावर बोट ठेवायचं त्याला सुचायला किती वेळ गेला? ओरडणं किती वेळ चाललं होतं? त्याने ती दाबली तेव्हा आवाज घोगरा झाला होता. मग तो तुटत गेला, आणि मग थांबला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे काही क्षण उभे राहिले, प्रार्थनेनंतर राहतात तसे, आणि मग कुठूनतरी एकाने गायला सुरुवात केली, दफनाच्या वेळी गातात ते गाणं, आणि बाकीच्यांनी उचललं. बाझाराने मुगारुराला मिठी मारली. त्याच्या गालावरचे अश्रू मुगारुराच्या मानेला लागले. "आज अरिंदा झोपेल, दाजी," तो म्हणाला. पोलिसांची गाडी आली तेव्हा शेडमध्ये फुटक्या विटा आणि चपलाच उरल्या होत्या. त्यांनी हवेत एक गोळी झाडली, ओगवालला दोन प्रश्न विचारले, आणि ते गेले. मॅनेजर कंपालाला होता. फोनवर तो म्हणाला, "मला काही सांगू नकोस. तीन नंबर दोनदा धू, आणि उद्याचं दूध त्यात घे."

ओगवालने नट सोडला. म्हातारा उत्तरेकडचा, जुना सैनिक, कपाळावर जुना वण, आणि गुरुवारनंतर त्यावर नवा. दोघांनी मिळून सेबुन्याला पाय धरून बाहेर ओढलं. तळव्यांची कातडी मोज्यासारखी सुटली होती. अर्धा चेहरा सुजून चकचकीत झाला होता आणि उजवा डोळा दुधाळ, उकडलेल्या अंड्यासारखा. ओगवालने होज उघडला आणि तो नुसतं पाणी मारत राहिला, डोळ्यावर, पायांवर, गाय धुतात तसा. मुगारुरा वाकला. पिवळं जॅकेट ओलं होऊन अंगाला चिकटलं होतं, पाठीवर अरिंदाचा नंबर. "तू मारलंस का त्याला?" त्याने विचारलं. "सांग. तू मारलंस?" सेबुन्याचे ओठ हलले. काहीतरी बाजार, काहीतरी जॅकेट, असं ऐकू आलं, किंवा मुगारुराला तसं ऐकावंसं वाटलं. त्याने त्याला खांद्यांना धरून हलवलं. "मारलंस का?" ओगवालने होजची धार सरळ मुगारुराच्या तोंडावर मारली.

"आता विचारू नकोस," म्हातारा म्हणाला. "भाजलेला माणूस काहीही कबूल करतो आणि काहीही नाकारतो. विचारायचं होतं तर आधी विचारायचं."

ओगवालच्या ओळखीचा एक ट्रक गुरांचा चारा उतरवून मसाकाकडे रिकामा परत चालला होता. पोत्यांखाली घालून त्यांनी त्याला पाठवला. तिथे एका मिशनच्या दवाखान्यात म्हाताऱ्याची भाची होती. जॅकेट ओगवालने बॉयलरमध्ये जाळलं. पोहोचला का, वाचला का, हे त्याने मुगारुराला शनिवारी सांगितलं, फाटकातून जाताना, तोंड न वळवता. "जिवंत आहे. चालेल की नाही माहीत नाही."

शहराने मात्र सेबुन्याला कधीच विरघळवून टाकलं होतं. सोड्यात हाड राहत नाही, केस राहत नाही, दातसुद्धा पाणी होऊन गटारातून नदीला मिळाले. न्हाव्याकडे, चर्चबाहेर, सगळीकडे हेच. काही बायकांनी त्या कारखान्याचं दूध बंद केलं. काहींनी मुद्दाम चालू ठेवलं. मुगारुरा रस्त्याने गेला की बोलणं थांबे. त्याच्याकडे बघणाऱ्या डोळ्यांत आदर होता आणि त्याच्या मागे थोडी भीती, आणि पुरुषांना दोन्ही एकत्र मिळतं तेव्हा जे होतं ते त्यालाही होत होतं. तो ताठ चालू लागला होता. हे त्याच्या लक्षात आलं की तो मुद्दाम खांदे पाडायचा, आणि थोड्या वेळाने ते परत वर आलेले असत.

आणि घर बदललं होतं. कतुशाबे गुरुवारी रात्री जेवली होती. शुक्रवारी तिने घर सारवलं. शनिवारी म्हणाली, "डोरीनचे बाबा, येताना दूध आणाल?"

"आणतो."

"तीन नंबरमधलं आणा."

त्याने आणलं. का आणलं? नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ती इतक्या दिवसांनी त्याच्याकडे बघून बोलत होती. रविवारी दुपारी त्यांची लेक डोरीन आजीकडे बिहार्वेला गेली होती. कतुशाबेने अंघोळ केली, नवं लुगडं गुंडाळलं, आईकडून आणलेलं लाकडी भांडं गवताच्या धुराने भरलं, आणि दूध त्यात ओतलं. घरभर तो वास पसरला. ती चटईवर ताठ बसली, पाहुण्यांसमोर बसतात तशी, दोन्ही हातांनी भांडं उचललं आणि श्वास न घेता प्यायली. घोट घोट उतरताना तिच्या गळ्याची शीर हलताना तो बघत होता. भांडं खाली ठेवून तिने वरच्या ओठावरचं दूध जिभेने पुसलं आणि हसली. तिचं हे हसू त्याने कधी पाहिलं नव्हतं, लग्नाच्या दिवशीही नाही.

"गोड आहे," ती म्हणाली. "तुम्ही पण घ्या. त्याचं थोडं तरी असेल यात."

मुगारुराने भांडं हातात घेतलं. तोंडाशी नेलं. धुराचा वास, आईचा वास, नाकात शिरला आणि त्याला भांडं खाली ठेवावं लागलं.

"तो जिवंत आहे," तो म्हणाला.

ती अजून हसतच होती. चेहऱ्याला कळायला वेळ लागला. त्याने सगळं सांगितलं, चार नंबर, गळका व्हॉल्व्ह, होज, ट्रक, मसाका. बोलताना तो जमिनीकडे बघत होता म्हणून त्याला मुसळी दिसली नाही. शेंगदाणे कुटायची ती जड मुसळी त्याच्या खांद्यावर बसली आणि गळ्याजवळचं हाड मोडल्याचं त्याला आधी ऐकू आलं, मग दुखलं.

"तू!" ती म्हणाली. आठ वर्षांत तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. "माझ्या भावाचं डोकं मी मांडीवर धुतलं! या हातांनी! आणि तू त्याला पाणी मारत बसलास? थंड पाणी?" दुसरा घाव पाठीत बसला, तिसरा बरगडीत. तो चटईवर पडला. हात वर करायचे होते, पण एक हात उचलत नव्हता आणि दुसरा उचलावासा वाटत नव्हता. "मला पाजलंस! नुसतं दूध पाजलंस मला!" ती किंचाळत होती, आणि दर घावाला तिच्या तोंडून रडणं बाहेर पडत होतं, केळीच्या बागेत जे पडलं नव्हतं ते, ओलं, लांबलचक, जनावरासारखं. भांडं उलटलं. उरलेलं दूध जमिनीवरून दाराकडे वाहत गेलं.

दारावर थाप पडली. "ताई?" बाझाराचा आवाज. रविवारी तो खुशाली विचारायला यायचा. "ताई, काय झालं? दाजी आहेत का आत?" त्याच्या मागे आणखी दोघं तिघं बोलत होते.

कतुशाबे थांबली. मुसळी तिच्या हातात वरच होती. केस सुटलेले, छाती वरखाली होत होती. तिने पत्र्याच्या दाराकडे पाहिलं, मग खाली, नवऱ्याकडे. मुगारुराला समजलं की एक शब्द पुरे आहे. एका शब्दात ते आत येतील, आणि संध्याकाळपर्यंत मसाकाच्या रस्त्यावर मोटरसायकलींची रांग लागेल. त्याने विनवलं नाही. तिच्या डोळ्यांत तो शब्द तयार होताना त्याने पाहिला.

"साप होता," ती म्हणाली.

"साप? आत येऊ का?"

"नको. मारला. तुझ्या दाजींनी मारला."

बाहेर हसण्याचा आवाज झाला. "दाजींच्या हातून हल्ली कोण वाचणार!" बाझारा म्हणाला, आणि पावलं लांब गेली. गाड्या सुरू झाल्या आणि त्यांचा आवाज उताराला लागून संपला.

कतुशाबे खाली बसली. मग उठून तिने फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि त्याच्या सुजत चाललेल्या खांद्यावर ठेवलं. फडकं ती दाबून धरत होती.

"डोळा गेला म्हणालात?"

"गेला. उजवा."

"आणि पाय?"

"कातडी निघून आली. चालेल की नाही, माहीत नाही."

"ओरडला?"

"ओरडला."

"कसा?"

मुगारुराने सांगितलं. आईला मारलेल्या हाका सांगितल्या. ती डोळे मिटून ऐकत होती, आणि तिचा श्वास हळूहळू लयीत येत होता. "आणखी?" ती म्हणाली. त्याने आणखी सांगितलं. जेवढं होतं तेवढं संपलं तेव्हा ती पुन्हा म्हणाली, "आणखी?" आणि फडकं खांद्यावर जरा जोराने दाबलं. मग तो, दुखणाऱ्या हाडावर तिचा हात घेऊन, जे घडलं नव्हतं तेही एकेक करून तिला सांगू लागला.